ज्याला मत नाही त्याचे मत

२०२२ च्या जुलै महिन्यात भारताच्या राष्ट्रपतिपदाची निवडणूक झाली. त्या सुमारास काही कामानिमित्त आमचे निपाणी भागातील एका मराठी शाळेत जाणे झाले. सातवीच्या वर्गात नागरिकशास्त्राचा तास चालू होता. फळ्यावर द्रौपदी मुर्मू आणि यशवंत सिन्हा अशी दोन उमेदवारांची नावे लिहिलेली होती. शिक्षक मोठ्या तळमळीने ही निवडणूक किती महत्त्वाची आहे ते सांगत होते. इतक्यात मागल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, "सर, या निवडणुकीत तुम्हांला मत आहे का?" शिक्षक म्हणाले, "नाही." "माझ्या आईबाबांना?" "त्यांनाही नाही." "मग ही आपली निवडणूक कशी?"

वर्गात हशा पिकला. शिक्षकांनी वेळ मारून नेली. "हा प्रश्न परीक्षेला येतो, एवढे लक्षात ठेव," असे म्हणून त्यांनी पुढचा मुद्दा घेतला. आम्हीही त्या वेळी हसलो. परंतु परतीच्या वाटेवर ते हसू मावळले. त्या मुलीने जे विचारले ते सोपे नव्हते, आणि तिला जे उत्तर मिळाले ते उत्तरच नव्हते, ही गोष्ट मनाला टोचू लागली.

हा प्रश्न पुण्याच्या किंवा नागपूरच्या शाळेत विचारला गेला असता तर त्याचे आम्हांस एवढे वाटले नसते. पण तो सीमाभागात विचारला गेला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अंमलात आली आणि बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार हा प्रदेश तेव्हाच्या मैसूर राज्यात गेला. पुढे १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्या वादाचा न्यायनिवाडा करण्याचा आमचा येथे विचार नाही. आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की या भागातील मराठी घरांत एक वाक्य आजोबांकडून नातवाकडे वारशासारखे आले आहे: "आम्हांला कोणी विचारले नाही." या वाक्यात दुःख आहे आणि ते खरे आहे. पण ज्या मुलाच्या कानांवर हे वाक्य लहानपणापासून पडते, त्याच्या मनात त्यातून एक चुकीचा निष्कर्ष सहज रुजतो. तो म्हणतो, ज्याविषयी मला विचारले जात नाही, त्याच्याशी माझा संबंधही नाही. त्या मुलीच्या प्रश्नामागे हाच निष्कर्ष उभा होता. त्यास उत्तर दिले नाही, तर आपण नागरिकशास्त्र शिकवीत असताना उदासीनताच शिकवीत असतो.

पुस्तकी उत्तर सर्वांस ठाऊक आहे. ही निवडणूक अप्रत्यक्ष असते. संसदेचे आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य आपल्या वतीने मत देतात. उत्तर बरोबर आहे. परंतु त्यातील 'आपल्या वतीने' हे दोन शब्द आपण किती सहज उच्चारतो! कोणी कोणाच्या वतीने काही करणे म्हणजे काय, हाच तर नीतीचा प्रश्न आहे. आणि तो मुलांना समजावून देण्याची सोय राज्यघटनेनेच करून ठेवली आहे. ती सोय एका साध्या भागाकारात आहे.

२०२२ च्या निवडणुकीत कर्नाटकाच्या आमदाराच्या मताचे मूल्य १३१ होते, महाराष्ट्राच्या आमदाराचे १७५ आणि गोव्याच्या आमदाराचे अवघे २०. निपाणीच्या मुलांना हे आकडे सांगून पाहावे. निपाणीला लागूनच अर्जुननगर आहे. तेथील देवचंद महाविद्यालयात निपाणीची मुले पिढ्यान् पिढ्या शिकत आली. पण अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. चालत जाण्याजोग्या त्या अंतरात आमदाराच्या मताचे मूल्य १३१ चे १७५ होते! मुले लगेच म्हणतील, हा अन्याय आहे. सीमाभागातील मुलांच्या तोंडी तो शब्द लवकर येतो. त्यांना तसे म्हणू द्यावे आणि मग हाती खडू देऊन गणित करावयास लावावे. राज्याच्या लोकसंख्येस विधानसभेच्या निर्वाचित सदस्यांच्या संख्येने भागावयाचे आणि आलेल्या संख्येस पुन्हा हजाराने भागावयाचे. १९७१ च्या जनगणनेत कर्नाटकाची, म्हणजे तेव्हाच्या मैसूर राज्याची, लोकसंख्या २,९२,९९,०१४ होती. आमदार २२४. भागाकार सुमारे १,३०,८०० येतो. हजारांच्या हिशेबाने १३१. महाराष्ट्राचे ५,०४,१२,२३५ लोक आणि २८८ आमदार, म्हणून १७५. गोव्याचा आमदार थोड्या माणसांच्या वतीने बोलतो म्हणून त्याचे मूल्य २०. म्हणजे आमदारांची मते असमान दिसतात, ती त्यांच्यामागची माणसे समान धरली म्हणून. निपाणीचा माणूस आणि कागलचा माणूस या भागाकारात रेसभरही उणाअधिक नाही.

गोव्याच्या वाचकांस येथे आणखी एक गोष्ट आठवेल. ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाला. तोपर्यंत तो केंद्रशासित प्रदेश असल्यामुळे तेथील विधानसभेस या निवडणुकीत मतच नव्हते. वीस हा आकडा लहान खरा, पण तो शून्यानंतर आलेला आहे.

आता या भागाकाराचे मर्म पाहावे. भागिले जाते ते मतदारांच्या संख्येस नव्हे, लोकसंख्येस. पाळण्यातले मूल त्यात मोजले आहे. शाळेतला विद्यार्थी, अंथरुणास खिळलेली म्हातारी, तंबाखूच्या वखारीत राबणारी आणि मतदार यादीत जिचे नाव कधी आलेच नाही अशी बाई, तुरुंगातील कैदी, असे सर्व जण त्या १३१ मध्ये आहेत. आकडा १९७१ चाच का, असेही मुले विचारतील. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो गोठविला आणि २००१ च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत ती मुदत वाढविली. लोकसंख्येस आळा घालणाऱ्या राज्यांचे वजन त्यामुळे कमी होऊ नये हा हेतू होता. हा जुना आकडा किती काळ चालवावा याविषयी मतभेद आहेत आणि ते मुलांना सांगावेत. पण त्यांना हेही सांगावे की १९७१ साली मोजणीदार निपाणीच्या घराघरांतून फिरला तेव्हा तुमचे आजोबा पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात असतील. त्यांना तेव्हा मताचा अधिकार नव्हता. तरी त्यांची मोजणी झाली, आणि २०२२ साली बेंगळूरच्या विधानसौधात जे मत पडले त्यात त्या शाळकरी पोराचा एक अंश होता.

"आम्हांला विचारले नाही" हे खरे असेल. पण "आम्हांला मोजले नाही" असे या निवडणुकीपुरते तरी म्हणता येत नाही. आणि ज्याला मोजले आहे त्याला हिशेब मागण्याचा अधिकार आहे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा कोठल्या ना कोठल्या देवस्थानाशी संबंध आहे. कोणी विश्वस्त आहेत, कोणी पंच, कोणी उत्सवाच्या वर्गणीची पावतीपुस्तके सांभाळतात. त्यांना आमचे म्हणणे अधिक लवकर पटेल. आपल्या न्यायालयांनी देवतेस कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती मानले आहे. तिच्या नावे जमीन असते, तिच्या नावे दावा चालतो. परंतु देव स्वतः कचेरीत येऊन सही करीत नाही. म्हणून तिला जणू अज्ञान बालक समजून तिच्या वतीने विश्वस्ताने व्यवहार पाहावा, अशी ही व्यवस्था आहे. देवाच्या शेताचा खंड विश्वस्ताच्या हाती येतो, पण तो विश्वस्ताचा नसतो. देव बोलत नाही म्हणून जो विश्वस्त बेफिकीर होतो, त्यास आपण चोर म्हणतो. आणि देव बोलत नाही म्हणूनच जो पैपैचा जमाखर्च लिहितो, त्यास सज्जन म्हणतो. मालक बोलू शकत नाही तेथे विश्वस्ताची जबाबदारी कमी होत नाही, वाढते. आमदाराचे मत हे असेच विश्वस्ताच्या हातचे धन आहे. आणि त्या धनाचे जे मालक आहेत, त्यांतील एक मोठा भाग ज्यांना मतच नाही अशा बालकांचा आहे.

येथे एक अडचण उभी राहते, ती लपवून चालणार नाही. या निवडणुकीत मतदान गुप्त असते आणि कोणत्याही पक्षास आपल्या सदस्यांवर पक्षादेश बजावता येत नाही. म्हणजे विश्वस्ताने वही कशी लिहिली, हे मालकास पाहता येत नाही. हिशेब तपासणारा एकच उरतो, तो म्हणजे त्याचा अंतरात्मा. हा तपासनीस पुरेसा आहे काय?

१९६९ साली हा प्रश्न साऱ्या देशापुढे उभा राहिला. काँग्रेस पक्षाचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते आणि त्यांच्या उमेदवारी अर्जावर स्वतः पंतप्रधान इंदिरा गांधी यांची सही होती. पुढे त्यांनीच सदस्यांना विवेकबुद्धीस स्मरून मत देण्याचे आवाहन केले, आणि अपक्ष उभे राहिलेले व्ही. व्ही. गिरी निवडून आले. तिसरे उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्रापासून तोडली जात आहे हे पाहून १९५६ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. पहिल्या पसंतीच्या मोजणीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि चिंतामणरावांना १,१२,७६९ इतक्या मूल्याची मते पडली. कोणासही आवश्यक तो कोटा गाठता आला नाही. दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली आणि तेव्हा गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले. रेड्डी ४,०५,४२७ वर राहिले. म्हणजे ज्यांचा उमेदवार हरला त्यांच्या दुसऱ्या पसंतीनेही निकालात भाग घेतला. हरलेल्या बाजूचे मतही वाया जाऊ नये अशी ही पद्धत आहे, हे हरण्याची सवय झालेल्या आमच्या भागातील मुलांना आवर्जून सांगण्यासारखे आहे.

पण तो अंतरात्म्याचा आवाज खरा होता की राजकारणाची सोय होती? यावर आजही दोन मते आहेत, आणि शिक्षकाने आपले मत मुलांच्या गळी उतरवू नये असे आम्हांस वाटते. त्याऐवजी त्यांना महाभारतातील द्यूतसभेत न्यावे. भीष्मद्रोणादी वडीलधारे धर्म सूक्ष्म आहे म्हणून घोटाळले किंवा गप्प बसले, तेव्हा कौरवांपैकीच एक विकर्ण उठला आणि द्रौपदी जिंकली गेलेली नाही असे भर सभेत म्हणाला. पुढे युद्धात मात्र तोच विकर्ण भावांच्या बाजूने लढला आणि मारला गेला. त्याने सभेत केले ते बरोबर की रणांगणावर केले ते? पक्षनिष्ठा आणि विवेक एकाच माणसाच्या ठायी कशी भांडतात, हे यापेक्षा स्पष्ट आम्हांस दाखविता येणार नाही. एक भेद मात्र मुलांच्या ध्यानी आणून द्यावा. विकर्ण उघड बोलला. त्याने कारण सांगितले. अंतरात्म्याचा आवाज खरा की खोटा हे ओळखण्याची एक साधी खूण आहे: खरा आवाज कारण सांगावयास लाजत नाही. मतपत्रिका गुप्त असावी. तिच्यामागचा विचार गुप्त असण्याचे कारण नाही. आमदारास कोणास मत दिलेस असे विचारू नये, पण राष्ट्रपतीच्या ठिकाणी तुम्ही कोणते गुण पाहता, हे निपाणीच्या सातवीतील मुलेही त्यास पत्र लिहून विचारू शकतात.

दुसरी कसोटी याहून अवघड आहे. २००७ साली प्रतिभाताई पाटील निवडणुकीस उभ्या होत्या. शिवसेना तेव्हा दुसऱ्या आघाडीत होती, तरी मराठी व्यक्ती राष्ट्रपती होत आहे म्हणून तिने आपली मते प्रतिभाताईंना दिली. त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या, आणि सीमाभागातील मराठी मनास त्याचा आनंद झाला असल्यास नवल नाही. पण शिक्षकाने विचारावे: आपले माणूस म्हणून मत देणे योग्य आहे काय? एखादे मूल 'होय' म्हणाले तर दुसरा प्रश्न विचारावा: मग शेजारच्या कन्नड मुलाने त्याच्या माणसास दिले तर? जमखंडीजवळच्या सावळगीचे बी. डी. जत्ती कोल्हापुरात शिकले, मैसूरचे मुख्यमंत्री झाले, १९७४ साली उपराष्ट्रपती झाले आणि १९७७ साली फक्रुद्दीन अली अहमद यांच्या निधनानंतर काही महिने हंगामी राष्ट्रपती होते. हे आमच्या शेजारचेच गृहस्थ. ते 'आपले' होते की 'त्यांचे'? त्या आसनावर बसलेल्या माणसाविषयी हा प्रश्न विचारणेच चुकीचे आहे, हे मुलांना स्वतःच उमगू द्यावे.

कारण ते आसन कशासाठी आहे? राष्ट्रपती नुसता शिक्का मारतो, असे मुले घरी ऐकून येतात. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने त्याने वागावे हे घटनेतच आहे. पण सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठविण्याचा अधिकारही आहे. १९९७ साली के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस परत पाठविली आणि सरकारने ती सोडून दिली. २००६ साली अब्दुल कलाम यांनी लाभपदाविषयीचे विधेयक परत पाठविले. संसदेने ते पुन्हा संमत केले आणि मग त्यांनी सही केली. "पुन्हा एकदा विचार करा" एवढेच म्हणण्याचा हा अधिकार लहान दिसतो. ज्यांना कोणी विचारले नाही असे वाटते, त्यांच्या दृष्टीने तो लहान नाही.

आणि सीमाभागाच्या दृष्टीने तर त्या पदाशी आमचे नाते कागदावर स्पष्ट लिहिलेले आहे. राज्यांच्या सीमा बदलणारे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून संसदेत मांडता येत नाही; त्यापूर्वी ते संबंधित विधानसभांकडे मत देण्यासाठी त्यांनीच पाठवावयाचे असते. हा अनुच्छेद ३. राज्यातील लोकसंख्येच्या भरीव भागाची तशी इच्छा असेल तर त्यांच्या भाषेस मान्यता देण्याचा निर्देश ते देऊ शकतात, हा ३४७. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी म्हणून राज्यास निर्देश देण्याचा अधिकार ३५०-अ मध्ये आहे, आणि ३५०-ब प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी तेच नेमतात. या आयुक्तांचे एक प्रादेशिक कार्यालय अनेक वर्षे बेळगावातच होते. हे अधिकार राष्ट्रपती स्वतःच्या मर्जीने वापरीत नाहीत, हे मुलांपासून लपवू नये; खोटी आशा ही निराशेची आई आहे. पण ज्या मराठी शाळेत बसून ती मुलगी प्रश्न विचारीत होती, त्या शाळेचे रक्षण ज्या कलमांत आहे त्यांत राष्ट्रपतींचे नाव आहे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

तेच कलम अक्कलकोटच्या आणि जतच्या कन्नड मुलाचेही रक्षण करते, हेदेखील त्याच तासाला सांगावयास हवे. जो शिक्षक पहिली गोष्ट सांगेल आणि दुसरी गाळील, त्याने हक्क शिकविला, न्याय शिकविला नाही. आपल्या दुःखातून दुसऱ्याचे दुःख ओळखता येऊ लागले, तरच ते दुःख शहाणे झाले असे म्हणावे.

आमची एक सूचना आहे. पुढली राष्ट्रपतिपदाची निवडणूक येईल तेव्हा शाळांनी वर्गातून पाच मुले निवडावीत आणि सहलीस कोठे जावयाचे ते त्या पाचांनी पसंतीक्रम लावून गुप्त मतदानाने ठरवावे. प्रत्येकाने किती मुलांच्या वतीने मत दिले ते फळ्यावर लिहावे. त्यात त्या दिवशी आजारी असलेल्या, वर्गात न आलेल्या मुलाचीही मोजणी करावी. ज्याला चालता येत नाही असे मूल वर्गात असेल, तर पाचांपैकी कोणास त्याची आठवण झाली, ते निकालानंतर पाहावे. आमच्या वाचकांनीही, देवस्थानाच्या वार्षिक सभेत हिशेब वाचला जातो तेव्हा दोन-चार मुलांना शेजारी बसवून घ्यावे. मत नसलेल्याच्या वतीने कारभार कसा करतात, हे तेथे त्यांना प्रत्यक्ष दिसेल. आणि मुले पाहत आहेत म्हणून आपला हिशेबही अधिक नीट होईल.

त्या मुलीस आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो. बाळ, ही निवडणूक तुझी आहे, कारण तुला मत नसतानाही तुझ्यासारख्यांची मोजणी करूनच ती होते. आज कोणी तरी तुझ्या वतीने मत देत आहे. उद्या अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर तुझ्या हाती मत येईल, तेव्हा मागल्या बाकावर बसून प्रश्न विचारणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या तरी वतीने तू ते देशील. त्या दिवशी तिला विचारले नाही, असे तिला वाटू देऊ नकोस.